ओपनडब्ल्यूआरटीचं वायरलेस सिक्युरिटी पान: कारण सांगतं, पण विचारावं लागतं

वायफायचा पासवर्ड बरोबर आहे, दोनदा तपासून टाकलाय, आणि फोन तरीही ‘कनेक्ट झालं नाही’ यापलीकडे काही बोलत नाही. घरच्या राउटरची ही जुनी रड. बहुतेक राउटरांच्या मूळ फर्मवेअरमध्ये, म्हणजे कंपनीने आत बसवून दिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, इथून पुढे वाटच नसते. सिक्युरिटीच्या पानावर तीन-चार पर्यायांची यादी, खाली पासवर्डचा रकाना, त्याखाली सेव्हचं बटण. कोणी नाकारलं, कुठल्या पायरीवर नाकारलं, याचा मागमूस नाही. मग माणूस राउटर बंद-चालू करतो, फॅक्टरी रीसेट मारतो आणि दैवावर सोडतो.

ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत मिळणारं, लिनक्सवर चालणारं फर्मवेअर या एका बाबतीत फार पुढे आहे. लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरचा सोर्स कोड खुला झाला, त्यातून २००४ मध्ये हा प्रकल्प सुरू झाला आणि नावही त्यावरूनच आलं. इथे त्याच्या सगळ्या करामतींचा आढावा घ्यायचा नाही. फक्त वायरलेस सिक्युरिटीचं पान, आणि ते बिघडलं की काय करता येतं, एवढंच पाहू.

बसवण्याविषयी थोडक्यात. राउटरला किमान १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅम असावी. त्याहून कमीवर चाललं तरी नव्या आवृत्त्यांत ओढाताण होते. वायफायची चिप मीडियाटेक किंवा क्वालकॉम अथेरॉसची असेल तर निर्धास्त राहा, ब्रॉडकॉमची असेल तर आधी त्या मॉडेलचं पान नीट वाचा. मूळ फर्मवेअरवरून जाताना ‘फॅक्टरी’ इमेज (फर्मवेअरची फाइल) लागते आणि नंतरच्या अपग्रेडला ‘सिसअपग्रेड’. मॉडेलबरोबर हार्डवेअर आवृत्तीही जुळली पाहिजे. चुकीची इमेज चढवली तर राउटरची वीट होते, म्हणजे तो सुरूच होत नाही. बसवल्यावर वायफाय बंदच असतं. केबल लावून १९२.१६८.१.१ वर जायचं, वापरकर्ता ‘रूट’, पासवर्ड कोरा. तो आधी भरा, वायफाय नंतर. रेडिओच्या सेटिंगमध्ये देशाचा कोडही निवडा, नाहीतर ५ गिगाहर्ट्झचे काही चॅनल उघडतच नाहीत.

आता मुख्य पान. ‘नेटवर्क’मध्ये ‘वायरलेस’, तिथे आपल्या नेटवर्कसमोर ‘एडिट’, आणि खालच्या भागात ‘वायरलेस सिक्युरिटी’ हा टॅब. गंमत अशी की इथे लोकांचा सर्वांत जास्त वेळ ज्या अडचणीत जातो, तिचा सिक्युरिटीशी संबंधच नाही. वायफायवरून लॅपटॉप जोडलेला असतो, त्यावरूनच पासवर्ड बदलला जातो आणि ‘सेव्ह अँड अप्लाय’ दाबलं जातं. राउटर नवी सेटिंग लावतो आणि ब्राउझर पुन्हा आपल्यापर्यंत पोचतोय का, याची वाट पाहत बसतो. लॅपटॉपकडे जुना पासवर्ड, त्यामुळे तो पोचत नाही. दीड मिनिटाने राउटर ठरवतो की मालक बाहेर अडकला, आणि जुनी सेटिंग परत आणतो. मधल्या वेळात कोणी फोनवर नवा पासवर्ड टाकला तर फोन जोडला जातो, मिनिटभर चालतो आणि मग पडतो. ‘राउटर सेटिंग विसरतो’ अशी तक्रार येते ती इथून. खरं तर ही फार शहाणी सोय आहे; चुकीच्या सेटिंगमुळे स्वतःच्याच राउटरबाहेर राहण्यापासून ती वाचवते. फक्त सिक्युरिटीचे बदल केबलवरून करायचे, म्हणजे प्रश्नच येत नाही.

पासवर्डच्या रकान्याशेजारी तारांकित बटण आहे, ते दाबलं की अक्षरं दिसतात. दाबा आणि मोजा. डब्ल्यूपीए२ या वायफाय सुरक्षेच्या पद्धतीला ८ ते ६३ अक्षरं चालतात आणि तीही साध्या इंग्रजी कीबोर्डवरचीच. कॉपी-पेस्ट करताना शेवटी चिकटून आलेली मोकळी जागा हेही एक अक्षरच असतं; डोळ्यांना दिसत नाही, पण किल्ली बदलते. आणखी एक बारकावा फार जणांना ठाऊक नसतो. डब्ल्यूपीए२ मधली खरी किल्ली फक्त पासवर्डातून बनत नाही. पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव मिळून ४०९६ वेळा घुसळले जातात आणि त्यातून २५६ बिटांची किल्ली निघते. म्हणून पासवर्ड तोच ठेवून नावात एक अक्षर बदललं तरी जुनी किल्ली निकामी होते.

नाव देवनागरीत ठेवायचं असेल तर हिशोब करा. नावाला ३२ बाइट मिळतात आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. मात्रा, वेलांटी, पाय मोडायची खूण, सगळी वेगळी मोजली जातात. ‘किल्ला’ दिसायला दोन अक्षरांचा, पण चिन्हं सहा, म्हणजे १८ बाइट. दहा चिन्हांच्या पलीकडे नाव बसत नाही. शिवाय स्मार्ट बल्ब आणि प्लग जोडणाऱ्या काही ॲपना असं नाव वाचताच येत नाही. अशा उपकरणांच्या नेटवर्कचं नाव साधं इंग्रजीतच ठेवलेलं बरं.

आता या फर्मवेअरची खरी कमाई: लॉग, म्हणजे राउटरने लिहून ठेवलेली घडामोडींची नोंद. ‘स्टेटस’मध्ये ‘सिस्टम लॉग’ उघडायचा, दुसऱ्या हाताने फोनवर कनेक्ट दाबायचं, आणि ‘होस्टएपीडी’ (वायफायची जोडणी सांभाळणारा प्रोग्राम) असं लिहिलेल्या ओळी वाचायच्या. आधी ‘ऑथेंटिकेटेड’, मग ‘असोसिएटेड’, मग ‘पेअरवाइज की हँडशेक कंप्लीटेड’. तिसरी ओळ आली की पासवर्डाचा विषय संपला. त्यानंतरही फोनवर इंटरनेट नसेल तर सिक्युरिटीच्या पानावर काही उचकायचं नाही. दोष आयपी पत्ता मिळण्यात आहे. खाली हे पत्ते वाटणाऱ्या ‘डीएनएसमास्क-डीएचसीपी’च्या ओळी असतात: डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, ॲक. या चारांतली कुठली गळली ते बघा. नुसत्या या एका विभागणीने निम्मी डोकेदुखी कमी होते.

पहिल्या दोन ओळी आल्या आणि तिसरीच्या जागी ‘एपी-एसटीए-पॉसिबल-पीएसके-मिसमॅच’ उमटलं, तर राउटरच्या आणि फोनच्या किल्ल्या वेगळ्या आहेत. ‘पॉसिबल’ म्हटलंय म्हणून शंका घ्यायचं कारण नाही, जवळजवळ नेहमी फोनमध्ये जुना पासवर्ड साठवलेला असतो. नेटवर्क ‘फरगेट’ करा आणि नव्याने जोडा. ओळीत उपकरणाचा मॅक पत्ताही, म्हणजे वायफायवरची त्याची ओळखसंख्या, असतो. तो घरातल्या कशाचाच नसेल तर शेजारचं कोणी नशीब आजमावतंय, किंवा तो घरच्याच फोनचा बनावट पत्ता आहे (त्याविषयी पुढे).

ही सोय डब्ल्यूपीए३ या नव्या पद्धतीत मात्र लंगडी पडते. तिथे पासवर्डाची परीक्षा असोसिएट होण्याच्या आधीच, ऑथेंटिकेशनमध्ये होते. चुकला तर पुढची ओळच येत नाही, आणि मिसमॅचचा स्पष्ट संदेशही नाही. नुसती शांतता. अशा वेळी पाच मिनिटांसाठी एन्क्रिप्शन ‘डब्ल्यूपीए२-पीएसके’ करा आणि पुन्हा जोडून पाहा. मिसमॅच आला तर पासवर्डच चुकीचा. बिनबोभाट जोडलं गेलं तर पासवर्ड ठीक आहे आणि उपकरणालाच डब्ल्यूपीए३ झेपत नाही. निदान झालं की परत मूळ जागी. आणखी तपशील हवा असेल तर वायरलेसच्या कॉन्फिग फाइलमध्ये रेडिओच्या भागात लॉग-लेव्हल २ वरून १ करता येतो. पण लॉग रॅममध्ये असतो, राउटर बंद केला की पुसला जातो. ‘आधी रीस्टार्ट करून बघू’ या सवयीने पुरावाच नाहीसा होतो. राउटरला स्वतःचं बॅटरीवरचं घड्याळ बहुधा नसतं, त्यामुळे सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही ओळींची वेळ भलतीच दिसते. तिकडे दुर्लक्ष करा.

एन्क्रिप्शनच्या यादीत प्रत्येक पर्यायापुढे कंसात ‘स्ट्राँग’, ‘मीडियम’, ‘वीक’ असे शेरे आहेत. शेरे चांगले, पण अपुरे. डब्ल्यूपीए३-एसएई, डब्ल्यूपीए२-डब्ल्यूपीए३ मिक्स्ड आणि नुसतं डब्ल्यूपीए२, तिघांनाही ‘स्ट्राँग’. तिघांत फरक काय, हे पान सांगत नाही. फरक मोठा आहे. डब्ल्यूपीए२ मध्ये जोडणीच्या वेळचे चार संदेश कोणी हवेतून टिपले तर तो घरी नेऊन, राउटरला न विचारता, हवे तितके पासवर्ड आजमावू शकतो. डब्ल्यूपीए३ मध्ये प्रत्येक अंदाजासाठी राउटरच्या दारात यावं लागतं. मिक्स्डमध्ये डब्ल्यूपीए२ चं दार उघडंच राहतं, त्यामुळे तिथे पासवर्ड डब्ल्यूपीए२ ला पुरेल असाच हवा: १६ किंवा जास्त अक्षरं, अर्थ नसलेली. मुलाचं नाव आणि जन्मसाल नको.

मिक्स्ड हे अडचणींचं माहेरघरही आहे. कारण साधं आहे. या पद्धतीत राउटर आपल्या घोषणेत दोन प्रकारच्या जोडण्या एकदम जाहीर करतो आणि ‘मॅनेजमेंट फ्रेम प्रोटेक्शन’, म्हणजे ८०२.११डब्ल्यू, ऐच्छिक असल्याचंही सांगतो. नवे फोन यातून नीट वाट काढतात. जुने प्रिंटर, कॅमेरे, बल्ब त्या घोषणेवरच अडखळतात. काहींना नेटवर्क दिसतं पण ते जोडणी मागतच नाहीत, म्हणून लॉगमध्ये त्यांची एकही ओळ नसते. लॉग कोरा आणि उपकरण तक्रार करतंय, असं दिसलं की संशयाची सुई इकडेच. ८०२.११डब्ल्यू ‘डिसेबल्ड’ करून बघायचा मोह होतो, पण डब्ल्यूपीए३ ला ते सक्तीचंच आहे. मिक्स्डमध्ये ते बंद केलं की डब्ल्यूपीए३ वाल्यांची वाट बंद होते.

उपाय तडजोडीचा नको, फाळणीचा हवा. त्याच २.४ गिगाहर्ट्झ रेडिओवर ‘ॲड’ दाबून दुसरं नाव तयार करा: एन्क्रिप्शन नुसतं डब्ल्यूपीए२-पीएसके, सायफर (माहिती गुप्त करण्याची रीत) ‘फोर्स सीसीएमपी’, ८०२.११डब्ल्यू डिसेबल्ड, ८०२.११आर (त्याविषयी पुढे) बंद. सगळी हट्टी उपकरणं तिकडे. मुख्य नाव मग निवांतपणे शुद्ध डब्ल्यूपीए३ वर नेता येतं. मूळ फर्मवेअरमध्ये अशी दुसरी जागा बहुतेकदा ‘गेस्ट’ या एकाच साच्यात मिळते; इथे प्रत्येक नावाची सेटिंग स्वतंत्र आहे आणि हा या पानाचा सर्वांत मोठा फायदा. नावं मात्र तीन-चाराच्या वर नेऊ नका. प्रत्येक नाव आपली घोषणा वेगळी करत राहतं आणि हवेतली जागा खातं.

सायफरच्या यादीत टीकेआयपी हा जुना पर्याय दिसला तर हात लावू नका. सुरक्षा कमकुवत ही एक गोष्ट झालीच, पण ८०२.११एनपासूनचे वेग टीकेआयपीबरोबर चालतच नाहीत, जोडणी ५४ एमबीपीएसवर अडकते. ‘राउटर नवा, वेग जुना’ या तक्रारीत हा रकाना आधी बघावा.

‘की रीइन्स्टॉलेशन काउंटरमेझर्स’ ही चौकट मोहात पाडते. २०१७ मध्ये क्रॅक हा हल्ला जाहीर झाला, त्यावरचा हा राउटरच्या बाजूचा उतारा. खरी दुरुस्ती फोन-लॅपटॉपच्या अपडेटमध्ये आहे. ज्यांना ती मिळालेली नाही त्यांच्यासाठी ही चौकट. ती काय करते? किल्ली पोचवणारा संदेश हरवला तर राउटर तो पुन्हा पाठवतच नाही. जवळच्या फोनला फरक पडत नाही. दोन भिंतींपलीकडच्या कॅमेऱ्याचा पहिला संदेश हरवतो, दुसरा येत नाही, आणि जोडणी अर्ध्यात तुटते. पानावर याची सूचना बारीक अक्षरांत आहे, वाचली जात नाही. अपडेट न मिळणारं एखादं जुनं उपकरण घरात असेल तर ही चौकट फक्त त्याच्या वेगळ्या नावावर लावा, बाकी ठिकाणी नको.

८०२.११आर हे एका राउटरवरून दुसऱ्यावर पटकन सरकण्यासाठी आहे. घरात एकच राउटर असेल तर त्याने मिळवायचं काही नाही, आणि जुनी उपकरणं मात्र जोडेनाशी होतात. बंद.

डब्ल्यूपीएसचं, म्हणजे पासवर्ड न टाकता उपकरण जोडण्याचं, बटण या फर्मवेअरमध्ये आपसूक येत नाही. सोबत येणारं ‘डब्ल्यूपॅड-बेसिक’ हे वायफायचं पॅकेज काढून पूर्ण ‘डब्ल्यूपॅड’ बसवावं लागतं. काहींना ही गैरसोय वाटते, पण हा निर्णय योग्यच आहे. डब्ल्यूपीएसचा पिन आठ आकडी. शेवटचा आकडा पडताळणीचा आणि उरलेले चार आणि तीन असे वेगवेगळे तपासले जातात. म्हणजे एक कोटी प्रयत्नांऐवजी ११ हजार. ही खोट २०११ च्या अखेरीस उघड झाली. पिनाशिवाय नुसत्या बटणाची पद्धत इतकी वाईट नाही, पण डब्ल्यूपीए३ शी तिचं जमत नाही.

मॅक फिल्टरला, म्हणजे यादीतल्या मॅक पत्त्यांनाच आत घेण्याला, सुरक्षा समजणाऱ्यांची संख्या काही कमी होत नाही. पत्ता हवेत उघडाच फिरतो, कोणीही उचलावा. आणि आता अँड्रॉइड १० व आयओएस १४ पासून फोन बनावट पत्ता वापरतात. ‘अलाऊ लिस्टेड ओन्ली’ लावून ठेवलं, फोनने पत्ता बदलला, की घरचाच माणूस बाहेर. लॉगमध्ये ‘नॉट अलाऊड टू ऑथेंटिकेट’ असं स्वच्छ लिहिलेलं असतं, एवढा तरी दिलासा. नाव लपवण्याची चौकटही त्याच माळेतली: राउटर गप्प बसतो आणि त्याऐवजी खिशातला फोन जाईल तिथे ते नाव पुकारत फिरतो.

जोडणी होते आणि थोड्या वेळाने तुटते, असं असेल तर सिक्युरिटीच्या टॅबवरून उठा आणि लॉगमध्ये ‘एक्सेसिव्ह मिसिंग ॲक्स’ शोधा. उपकरण पोच देत नाही म्हणून राउटर स्वतःच त्याला काढून टाकतो. ‘ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज’मधली ‘डिसअसोसिएट ऑन लो ॲकनॉलेजमेंट’ ही चौकट मुळात चालू असते. दूरच्या किंवा झोपाळू उपकरणांच्या नावावर ती काढा. जोडलेल्या उपकरणांच्या यादीत सिग्नलही दिसतो: उणे ६० डीबीएमच्या आसपास छान, उणे ८० च्या खाली कुठलीही सेटिंग कामाची नाही, राउटरची जागा बदला. आणि बदल सेव्ह केल्यावर ५ गिगाहर्ट्झचं नावच गायब झालं तर घाबरू नका. ५२ ते १४४ या चॅनलांवर रडारची चाहूल घेण्यासाठी रेडिओ किमान ६० सेकंद गप्प राहतो. पासवर्ड बदलल्यामुळे वायफाय मेलं असं समजून लोक याच मिनिटात रीसेट दाबतात. ३६ ते ४८ मधला चॅनल घ्या, ही वाट पाहणी नाही.

पाहुण्यांचं नेटवर्क हा या फर्मवेअरचा सर्वांत कच्चा भाग. मूळ फर्मवेअरमध्ये एका खुणेचं काम, इथे चार पानं. वेगळा इंटरफेस, त्याला १९२.१६८.३.१ असा स्वतंत्र पत्ता, त्यावर डीएचसीपी (आयपी पत्ते वाटणारी सेवा), मग फायरवॉलमध्ये नवा झोन: इनपुट रिजेक्ट, फॉरवर्ड रिजेक्ट, फक्त वॅनकडे, म्हणजे इंटरनेटच्या बाजूला, जायला परवानगी. इथपर्यंत सगळे येतात आणि पाहुण्याचा फोन ‘आयपी पत्ता मिळवत आहे’वर लटकतो. इनपुट रिजेक्ट केल्यामुळे राउटर पत्त्याची विनंतीही नाकारतो. ट्रॅफिक रूल्समध्ये दोन दारं ठेवावी लागतात: डीएचसीपीसाठी यूडीपी ६७, आणि डीएनएससाठी (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधण्यासाठी) टीसीपी-यूडीपी ५३. हे साच्यात तयार का देत नाहीत, कळत नाही. ‘आयसोलेट क्लायंट्स’ची खूण याला पर्याय नाही, ती एकाच नावावरच्या वायरलेस उपकरणांना एकमेकांपासून तोडते, केबलवरचा संगणक उघडाच राहतो. शिवाय मुख्य नावावर ती लावली तर फोनवरून वायफायच्या टीव्हीवर व्हिडिओ टाकता येत नाही आणि दोष बिचाऱ्या टीव्हीवर येतो.

ज्याला सेटिंग एकदा लावून विसरायची आहे, त्याने चांगल्या मूळ फर्मवेअरवरच राहावं. ज्याच्या घरात वीस उपकरणं आणि त्यातली चार हट्टी आहेत, त्याने हे जरूर बसवावं. बसवल्यावर, सगळं नीट चालत असतानाच, ‘सिस्टम’मधल्या ‘बॅकअप’मधून सेटिंगची फाइल उतरवून संगणकावर ठेवा, त्यात वायफायचे पासवर्ड उघडे लिहिलेले असतात, तेव्हा ती फाइल कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. पुरते बाहेर अडकलात तर राउटर सुरू होताना दिवा भराभर लुकलुकतो त्या वेळी राउटरवरचं बटण दाबायचं, फेलसेफ या बचावाच्या अवस्थेत जायचं, संगणकाला हाताने १९२.१६८.१.२ हा पत्ता द्यायचा आणि केबलवरून एसएसएच (कमांड लिहून राउटर चालवायची सोय) करून आत शिरायचं. तिथे ‘फर्स्टबूट’ चालवून रीस्टार्ट केलं की कोरी पाटी. मग ती फाइल परत चढवा.